भरलेली वाटी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीचा प्रवाह अडवून बांधलेले इटियाडोह धरण आहे. धरणाच्या भोवती वनराजीने नटलेल्या टेकड्या आहेत. धरणातील पाणी कालव्यांच्या वाटेने दूरदूरच्या बांध्यांत खेळते आणि त्या पाण्यावर धानाची हिरवीगार शेते डोलू लागतात. जेथे पाणी व धान्य, तेथे पाखरे आलीच. बगळे, पाणकोंबड्या, टिबुकल्या, बदके अशी नाना जातींची पाखरे या परिसरात दिसतात.

या परिसरातील एका खेड्यात एक शेतकरी कुटुंब राहत असे. घरात आजी, आई, बाबा आणि सहावीत शिकणारी एक मुलगी अशी चार माणसे होती. एके दिवशी गोंदियाहून मामा आला, तो हातात एक लहानसा पिंजरा घेऊनच. पिंजऱ्यात पिवळ्या रंगाचे, इवलेसे, पोपटाच्या जातीचे एक पाखरू होते. मुलीला झालेला आनंद गगनात मावेना. तिने त्याचे नाव ‘सोन्या’ असे ठेवले.

“काय खातो रे हा, मामा?” तिने विचारले.

“राळ्याचे दाणे खातो. वाटी रिकामी ठेवू नकोस म्हणजे झाले,” मामा म्हणाला.

मामाचा हा शब्द मुलीने मनोभावे पाळला. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ती सोन्याची वाटी पाहत असे. वाटी काठोकाठ भरलेली दिसली की तिचे समाधान होई. शिवाय घरात जे जे गोड होई, त्यातला घास ती सोन्याला देई. कधी चहात बुडविलेले बिस्किट, कधी शेवेचे चार दाणे, कधी दूधभात. आपल्याला जे आवडते ते आपल्या लाडक्या पाखरालाही आवडलेच पाहिजे, असे तिला वाटे.

दोन महिने लोटले. एका रविवारी सकाळी सोन्या गाईना. तो अंग फुगवून, डोळे मिटून, दांडीच्या एका कोपऱ्यात बसून राहिला होता. मुलीने हाका मारल्या, शीळ घातली; पण त्याने मान वर केली नाही. तिचे डोळे पाण्याने भरून आले.

“आजी, सोन्याला काय झालं ग? मी त्याला काही कमी केलं नाही. बघ, वाटी कशी भरलेली आहे!”

आजी जवळ आली. तिचा सारा जन्म धान कांडण्यात आणि पाखडण्यात गेला होता. तिने वाटी हातात घेतली, क्षणभर निरखून पाहिली आणि तिच्यावर हलकेच फुंकर मारली. पाहता पाहता वाटीतले सारे ‘दाणे’ हवेत उडाले. वाटीच्या तळाशी पाच-सहा राळे तेवढे उरले.

“पोरी, हे दाणे नव्हेत. ही फोलपटं आहेत,” आजी म्हणाली. “तुझं पाखरू भरल्या वाटीपुढं उपाशी आहे.”

मुलगी स्तब्ध झाली. बाबांनी वेळ न दवडता पिंजऱ्यावर पातळ फडके घातले आणि तिला सोबत घेऊन तालुक्याच्या गावी पशुवैद्याकडे धाव घेतली. डॉक्टरांनी सोन्याला अलगद हातात धरून तपासले, त्याचे वजन केले व पाण्यातून औषध दिले. मग त्यांनी मुलीला जवळ बसविले.

“बाळ, तुमच्या घरी कोंबड्या असतील. कोंबडी दाणा कसा खाते?”

“तशीच गिळते, डॉक्टरकाका.”

“बरोबर. कोंबडी आणि कबूतर दाणा सालीसकट गिळतात. त्यांच्या पोटात पेषणी नावाचा स्नायूंचा एक मजबूत भाग असतो. गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने तेथे दाणे दळले जातात. ती त्यांची जातीच! पण तुझ्या सोन्याची रीत निराळी. तो चोचीत दाणा फिरवून त्याची साल काढतो, आतला गर खातो आणि फोलपट पुन्हा वाटीत टाकतो. म्हणून कोंबडीची वाटी रिकामी झालेली कळते, सोन्याची कळत नाही. एवढ्याशा जिवाला एखाद-दोन दिवसांची उपासमारही जिवावर बेतू शकते. त्याचे सारे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. कोंबडीच्या अंड्याहूनही तो हलका आहे.”

मुलीने मान खाली घातली. डॉक्टर पुढे म्हणाले, “पण उपास हे अर्धेच दुखणे झाले. मला सांग, दाण्यांखेरीज तू त्याला काय देत होतीस?”

तिने बिस्किट, शेव, दूधभात यांची यादी सांगितली. डॉक्टर हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. त्यांनी तिला सारे नीट समजावून सांगितले.

सोन्याच्या जातीला बजरीगर असे म्हणतात. बाजारात त्यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. परंतु खरे लव्हबर्ड हे आफ्रिकेतील निराळे पक्षी होत. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तेथील कोरड्या माळरानांवर या पाखरांचे मोठमोठे थवे पाऊस पडेल तिकडे गवताचे बी शोधीत फिरतात. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली ही पाखरे जिवंत स्थितीत इंग्लंडमध्ये नेली आणि तेथून ती जगभर घरोघरी पाळली जाऊ लागली. रानातील बजरीगर नाना गवतांचे कोवळे व पिकलेले बी खातो आणि दिवसभर मैलोगणती उडतो. पिंजऱ्यातील बजरीगराला एकाच प्रकारचे कोरडे दाणे मिळतात आणि उडायला हातभर जागा. मग तो दुबळा होईल नाही तर काय?

कोरड्या दाण्यांत पीठ व स्निग्धांश असतो; परंतु जीवनसत्त्व अ फार थोडे असते. ते न मिळाल्यास पाखराच्या नाकातील व घशातील नाजूक त्वचा बिघडते आणि त्याला रोग चटकन जडतात. दाण्यांत चुनाही अल्प असतो. हाडांच्या बळकटीसाठी व मादीला अंडी घालण्यासाठी तो अवश्य हवा. सूर्यफुलासारखे तेलकट बी पाखरे आवडीने खातात. पण तेच रोज मिळाले तर अंगात चरबी साठते. दुधातील साखर पाखरांना पचत नाही. मीठ, चहा, चॉकलेट, कांदा आणि अव्होकाडो हे फळ तर त्यांना घातकच आहे.

“मग त्याला द्यावं तरी काय?” मुलीने विचारले.

“जे तुझ्या परसात आहे तेच,” डॉक्टर म्हणाले. “ताटाचा साधारण निम्मा भाग दाण्यांचा असू दे, राळा, वरई, बाजरी अशी मिसळ कर. उरलेल्या भागात शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, लाल भोपळा दे. फळाची लहानशी फोड अधूनमधून पुरे. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा कण दे. चुन्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेन टांगून ठेव. आणि पाणी रोज ताजे. मात्र हे सारे एकदम बदलू नकोस. नवा पदार्थ हे अन्न आहे, असे पाखराला चटकन उमगत नाही. दाणे बंद केलेस तर ते पाला समोर असूनही उपाशी राहील.”

परतीच्या वाटेवर बाबांनी धरणाकाठी गाडी थांबविली. खालच्या बांधीत बगळे किडे टिपीत होते. बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत होती.

“ती बघ,” बाबा म्हणाले. “सुगरण दाणे खाणारी. पण पिलांच्या चोचीत काय भरवते? किडे आणि अळ्या. वाढत्या अंगाला काय हवं, ते तिला कुणी शिकवलेलं नाही. आपल्या जिल्ह्यातला सारस पाहा. माणसाएवढा उंच पक्षी. पण दाणे, कंद, किडे, बेडूक असं सगळं खातो. मोकळ्या पाखराचं ताट रान वाढतं. पिंजऱ्यातल्या पाखराचं ताट आपण वाढतो. त्याला दुसरीकडे जेवायला जाता येत नाही.”

हे शेवटचे वाक्य मुलीच्या मनात खोल रुजले.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवा क्रम आरंभिला. सकाळी उठल्याबरोबर ती वाटीवर फुंकर मारी, फोलपटे उडवी आणि दीड-दोन चमचे ताजे दाणे घाली. पालेभाजीवर फवारलेले औषध राहू नये म्हणून पाला दोनदा धुऊन ती तो पिंजऱ्याच्या सळईला बांधी. वैशाखाच्या उन्हात ओले अन्न लवकर नासते. म्हणून उरलेला पाला व अंडे ती दोन तासांत काढून टाकी. पहिले चार दिवस सोन्याने कोथिंबिरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पाचव्या दिवशी मुलगी त्याच्यासमोर बसून स्वतःच कोथिंबिरीची काडी चावू लागली. सोन्याने मान तिरकी करून पाहिले. मग तो हळूच पुढे सरकला आणि त्याने ओल्या पानाचा एक कण तोडला. दोन आठवड्यांनी घरात पुन्हा त्याचा किलबिलाट सुरू झाला.

त्याच सुमारास शेजारचा एक मुलगा धावत आला. “मोहाच्या ढोलीत पोपटाची पिलं आहेत. एक काढून आणू का तुला?”

“नको,” ती ठामपणे म्हणाली. “रानातला पोपट पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ सालीच तसा कायदा झाला आहे, असं डॉक्टरकाकांनी सांगितलं. आणि कायदा नसता तरी मी म्हटलं नसतं. या एकाचं ताट वाढता वाढता मला किती शिकावं लागलं! त्या पिलांची आई ते सारं जाणते. त्यांना तिथंच राहू दे.”

आजी दारात तांदूळ निवडीत बसली होती. तिने सूप खाली ठेवले, नातीकडे पाहिले आणि समाधानाने पुन्हा पाखडायला सुरुवात केली. सुपातली फोलपटे वाऱ्यावर उडत होती. दाणे तेवढे मागे राहत होते.

स्वाध्याय

१. वाटी भरलेली दिसत असूनही सोन्या उपाशी का राहिला?
२. कोंबडी व बजरीगर यांच्या दाणे खाण्याच्या रीतीत कोणता फरक आहे?
३. “त्याला दुसरीकडे जेवायला जाता येत नाही,” या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील कोणताही एक पक्षी आठवडाभर पाहा. तो काय काय खातो, याची नोंद करा.