जयंतीचे भाषण आणि बसलेला घसा

एप्रिल जवळ आला की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. भाषण कसे करू असे विचारणारी, आणि भाषण करून घसा बसलेली. दोघांनाही सांगायचे तेच आहे.

कंठमण्याच्या मागे दोन छोट्या स्वरपट्ट्या असतात. फुप्फुसातली हवा वर येताना त्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज निघतो. साध्या बोलण्यात पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला सुमारे १२० वेळा, बाईच्या सुमारे २०० वेळा थरथरतात. म्हणजे एखाद्या ताईने दहा मिनिटे भाषण केले तर लाखाच्या आसपास आपटणे झाले. त्यात ओरडले की पट्ट्या सुजतात. रोज ओरडले की त्यांवर छोट्या गाठी येतात.

शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज म्हणजे नुसते ओरडणे, असा आपल्या पोरांचा समज आहे. तसे नसते. जोर घशाचा नको, श्वासाचा हवा. पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात पुढे आला पाहिजे. खांदे वर गेले तर श्वास उथळ आहे. मग हवा हळूहळू सोडत एक वाक्य पुरे करा. हे रोज पाच मिनिटे करा, चाळीतल्या जिन्यात उभे राहून केले तरी चालेल.

भाषण लिहून काढा. मे १९३६ मध्ये दादरच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे’ हे भाषण केले, तेही आधी लिहून काढलेले होते. एवढा मोठा विद्वान तयारी करतो, मग आपल्याला कसली लाज? लिहिलेल्या कागदावर श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मारता येते. श्रोत्यांनाही तेवढ्यात मुद्दा पचतो.

पाणी सकाळपासून प्या. स्टेजवरचा घोट स्वरपट्ट्यांवर पडतच नाही, तो अन्ननलिकेत जातो. ओलावा शरीरातून हळूहळू पोहोचतो. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. सारखे खाकरू नका, आवंढा गिळा. कार्यक्रमानंतर रात्री बाराला तिखट जेवून लगेच आडवे झाले की आम्ल वर येऊन घसा जाळते. आणि खरे नुकसान होते ते मिरवणुकीत. डीजेसमोर गप्पा मारताना आपण किती ओरडतो ते आपल्यालाच कळत नाही.

घसा बसला तर दोन-तीन दिवस कमी बोला. कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. बिडी-सिगारेटचा धूर तर थेट स्वरपट्ट्यांवरून जातो, ती बंदच करा.

तीन आठवडे झाले तरी आवाज घोगरा असेल, थुंकीत रक्त दिसले, गिळताना दुखले किंवा मानेत गाठ लागली, तर घरगुती काढ्यावर वेळ घालवू नका. श्वास अडत असेल तर त्याच क्षणी निघा. एरवी परळच्या केईएममध्ये सकाळी केस पेपर काढून कान-नाक-घसा विभागात जा. दुर्बिणीने स्वरपट्ट्या पाहतात, काही मिनिटांचे काम असते. स्वरपट्ट्यांवरच्या साध्या गाठी बहुतेक वेळा विश्रांतीने आणि बोलण्याच्या व्यायामाने बऱ्या होतात, ऑपरेशन लागत नाही. आमच्या भगिनी ‘जयंती झाल्यावर बघू’ म्हणतात. जयंतीच्या आधीच जा.