विजयदुर्ग, विमानमार्ग आणि घड्याळाची अचूकता

२२ जानेवारी १८९८ रोजी विजयदुर्ग येथून खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यात आले. सर नॉर्मन लॉकियर यांच्या पथकाला ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिकांचे साहाय्य लाभले होते. (लॉकियर यांचे येथील वास्तव्य पुष्कळदा १८६८ च्या ग्रहणाशी जोडले जाते, त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते.) खग्रास अवस्था सुमारे दोनच मिनिटांची असल्याने सेकंद न् सेकंद मोलाचा होता.

दर्यावर्दी लोकांना हा काटेकोरपणा नवा नव्हता. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे जहाजावरील घड्याळ ४ सेकंदांनी चुकले, तर सूर्य-ताऱ्यांवरून काढलेले स्थान विजयदुर्गच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे पावणेदोन किलोमीटरने चुकते. खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक जहाजाच्या जिवावर बेतू शकते.

आकाशात हे गणित अधिक कठोर होते. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर कापते. असे असूनही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राच्या घड्याळात ३० सेकंदांपर्यंतचा फरक चालतो. संगणकीय संदेशवहन असेल तेथे मात्र १ सेकंदाचाच. अर्ध्या मिनिटात विमान साडेसात किलोमीटर जाते, मग ही सवलत कशी? रडारच्या टप्प्याबाहेर, दूर समुद्रावर, एकाच उंचीवरून एकामागून एक जाणाऱ्या विमानांत कित्येक मिनिटांचे अंतर राखण्याची पद्धत आहे. तेथे ती खपून जाते. रडारचा प्रश्न निराळा. किती वाजले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. संदेश जाऊन परत येण्यास लागलेला कालावधी तेवढा ते मोजते. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे १५० मीटरची चूक.

उपग्रहाचा संदेश एकाच दिशेने येतो. म्हणून तेवढ्याच चुकीने अंतर ३०० मीटरने बिघडते. विमानातील ग्राहकयंत्राचे घड्याळ इतके अचूक नसते. त्याची चूक शोधण्यासाठीच चौथा उपग्रह लागतो. उपग्रहावर मात्र अणुघड्याळच हवे. भारतात ‘गगन’ ही प्रणाली जीपीएसमधील घड्याळाच्या चुकांचीही दुरुस्ती विमानांना पुरविते.

अणुघड्याळ बंद पडल्यास काय होते, हे भारताने अनुभवले आहे. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या ‘आयआरएनएसएस-१ए’ या उपग्रहावरील तिन्ही आयात घड्याळे निकामी झाली आणि एरवी सुस्थितीत असलेला हा उपग्रह स्थाननिश्चितीस निरुपयोगी ठरला. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या जागी दुसरा सोडावा लागला. पुढे २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘एनव्हीएस-०१’ वर अहमदाबाद येथे विकसित झालेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले.