रिक्तिकेतील नाचरे कण

पाव फुगावा म्हणून पिठात जे यीस्ट घालतात, ते म्हणजे सजीव पेशींचा समूह होय. त्यातील एकेक पेशी इतकी लहान असते की, दोनशे पेशी एका ओळीत मांडल्या तरी जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. अशा या इवल्याशा पेशीच्या अभ्यासात योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले.

ओसुमी यांचा जन्म १९४५ साली फुकुओका येथे झाला. वडील विद्यापीठात प्राध्यापक होते. आई मात्र क्षयामुळे दीर्घकाळ अंथरुणास खिळलेली असे. युद्धानंतरचे ते टंचाईचे दिवस. तशातही थोरला भाऊ त्यांच्यासाठी शास्त्रविषयक पुस्तके आणीत असे. मायकेल फॅरडे यांनी एका साध्या मेणबत्तीवर दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक त्यांतच होते. पुढे टोकियो विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवून ते १९७४ साली अमेरिकेस गेले. पण तेथे हाती घेतलेल्या पहिल्या विषयात त्यांचे मन रमेना. यीस्टशी त्यांची गाठ पडली ती तेथेच. १९७७ साली ते स्वदेशी परतले आणि दुसऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करू लागले. स्वतःची प्रयोगशाळा मिळाली ती १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तीही लहानशीच होती.

यीस्टच्या पेशीत एक मोठी पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. ही म्हणजे पेशीची केराची टोपली, असेच बहुतेकांना वाटे. म्हणून तिकडे फारसे कोणी वळत नसे. ओसुमींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. पेशी उपाशी पडली, तर ती आपलेच जीर्ण भाग या पिशवीत नेऊन मोडत असेल काय? प्राण्यांच्या पेशीत असे काही घडते, हे पूर्वीच दिसले होते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियां द द्यूव्ह यांनी १९६३ साली त्यास ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नावही दिले होते. परंतु ते कसे घडते, हे कोणास ठाऊक नव्हते.

आता अडचण अशी की, रिक्तिकेत आलेला पदार्थ विकरांमुळे तत्काळ विरघळून जाई. मग तो दिसावा कसा? ओसुमींनी युक्ती योजली. ज्या यीस्टमध्ये ही विकरे तयारच होत नाहीत असे वाण त्यांनी घेतले व त्यास नत्रयुक्त अन्न देणे बंद केले. काही वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहतात, तो रिक्तिकेत बारीक गोल कण जमलेले आणि एकसारखे थरथर नाचत असलेले! आत आलेला माल मोडता न आल्याने तो तेथेच साठला होता. मग त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा हिने हजारो यीस्ट-वसाहती तपासल्या. ज्यांत हे कण जमत नाहीत, त्यांत या कामाचे एखादे जनुक बिघडलेले असणार, हा त्यामागील तर्क. अशी पंधरा जनुके त्यांनी हुडकली व १९९३ साली एका छोट्या निबंधात हे प्रसिद्ध केले.

येथे विद्वानांच्या एका प्रथेची ओळख करून घेतली पाहिजे. शास्त्रज्ञ निबंध लिहितो, तेव्हा ज्यांच्या कामाचा आधार घेतला, त्यांचा तो उल्लेख करतो. म्हणजे आपण कोणाचे देणे लागतो, ते तो नोंदवून ठेवतो. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ साली ही खतावणी उलटी मांडली. एखाद्या जुन्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उल्लेख केला, हे सांगणारी सूची त्यांनी छापली. मुळात ती होती संशोधकांना वाट दाखवण्यासाठी. पण हळूहळू लोक तिच्यावर विद्वानांचे वजन करू लागले. या काट्यात एक खोट आहे. ज्या वाटेने दुसरे कोणी जातच नाही, त्या वाटेवरील माणसाचा उल्लेख करणार कोण? ओसुमींनी हे काम आरंभिले, तेव्हा स्वभक्षणावर जगभरात वर्षाकाठी मोजकेच निबंध निघत. केवळ आकडे पाहून पैसा देणाऱ्यांनी अशा प्रयोगशाळेला दारातूनच परत पाठवले असते.

परंतु पंधरा जनुके हाती लागली आणि चित्र पालटले. तशीच जनुके उंदरांत सापडली, माणसांतही सापडली. ओसुमींचे सहकारी नोबोरू मिझुशिमा पुढे स्वतंत्रपणे काम करू लागले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की, उंदराचे पिल्लू जन्मताच नाळेतून मिळणारे अन्न तुटते, तेव्हा पहिले काही तास ते या स्वभक्षणावरच तग धरते. मेंदूचे विकार, कर्करोग, जंतूंचा शिरकाव, जिकडे तिकडे याच क्रियेचा शोध सुरू झाला. निबंध हजारोंनी निघू लागले व प्रत्येकजण मागे वळून १९९३ सालच्या त्या छोट्या निबंधाचा उल्लेख करू लागला. उल्लेखांच्या सूचीचे काम चालवणाऱ्या संस्थेने २०१३ साली नोबेलला पात्र ठरू शकणाऱ्यांत ओसुमी, मिझुशिमा आणि अमेरिकेचे डॅनियल क्लिओन्स्की यांची नावे घेतली. तीन वर्षांनी, २०१६ साली, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या ओसुमींना मिळाले.

मधल्या काळात एक गमतीचा घोटाळा झाला होता. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्याच जनुकांना निरनिराळी नावे ठेवली होती. तेव्हा २००३ साली सर्वांनी मिळून ‘एटीजी’ हे एकच नाव ठरवले आणि त्यापुढे क्रमांक घातले. ओसुमींच्या प्रयोगशाळेत प्रथम सापडलेल्या जनुकाचा क्रमांक त्या यादीतही एकच राहिला.