दोष कामगाराचा की प्रक्रियेचा?

आपल्या समाजातील अनेक तरुण आय.टी.आय.चे शिक्षण घेऊन कारखान्यांत लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगवर काम करीत आहेत. माल रिजेक्ट झाला की पहिला ठपका बहुधा मशीनवर उभ्या असलेल्या कामगारावर येतो. तो योग्य की अयोग्य, हे आवाज चढवून ठरत नाही, आकड्यांनी ठरते. म्हणून हे शास्त्र आपल्या तरुणांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेख (कंट्रोल चार्ट) मांडला. १९४७-४८ मध्ये ते प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले होते. त्यांचे सांगणे असे की, दोन जॉब तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत. काही फरक प्रक्रियेतच मुरलेला असतो. काही फरक टूल झिजणे, सेटिंग हलणे अशा विशेष कारणाने येतो. दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

एक उदाहरण घेऊ. शाफ्टचा व्यास २०.०० मि.मी. हवा असून ०.०६ ची सूट दोन्ही बाजूंस आहे. ठराविक वेळाने सलग ५ शाफ्ट मोजावेत. त्यांची सरासरी आणि विस्तार (सर्वांत मोठे वजा सर्वांत लहान माप) लिहून ठेवावा. असे २०-२५ गट झाले की सरासरी विस्तार काढावा. समजा तो ०.०३५ आला आणि एकूण सरासरी २०.०० आली. पाचच्या गटासाठी ०.०३५ ला ०.५७७ ने गुणले की ०.०२० मिळतात. म्हणून गटाच्या सरासरीच्या नियंत्रण मर्यादा १९.९८ व २०.०२ झाल्या. बिंदू बाहेर गेला तर विशेष कारण शोधावे. बिंदू आत असताना उगाच सेटिंग हलवू नये; त्याने फरक वाढतोच. विस्ताराचाही असाच आलेख ठेवावा. ध्यानात असू द्या, या मर्यादा ड्रॉइंगवरील सूट नव्हे.

आलेख स्थिर झाल्यावरच प्रक्रियेची क्षमता काढावी. सरासरी विस्तारास २.३२६ ने भागले की प्रमाण विचलन सुमारे ०.०१५ येते. एकूण सूट ०.१२, तिला सहापट विचलनाने, म्हणजे ०.०९ ने भागले की क्षमता १.३३ येते. यास 'सीपी' म्हणतात. ही क्षमता चांगली मानतात. परंतु सरासरी २०.०३ वर सरकली, तर जवळच्या मर्यादेपर्यंत ०.०३ च उरतात. त्यास तिप्पट विचलनाने, ०.०४५ ने भागता ०.६७ येते. हे 'सीपीके'. मग हजारात सुमारे २३ शाफ्ट बाद होतील. येथे सेटिंग सुधारले की काम भागते.

आता मशीन जुने होऊन विचलन ०.०२५ झाले असे समजा. सीपी ०.८ वर येते. सेटिंग अचूक मध्यावर ठेवले तरी हजारात सुमारे १६ शाफ्ट बाद होणारच. कितीही कुशल कामगार उभा केला, तरी हे टळणार नाही. मशीनची दुरुस्ती अथवा बदल हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. असा आलेख हाती असलेला कामगार आपली बाजू पुराव्यानिशी मांडू शकतो. आणि चूक सेटिंगची असेल तर ती निमूटपणे सुधारूही शकतो.

तथागतांनी कारणाशिवाय कार्य नाही हे शिकविले आणि स्वतः पारखून घेण्यास सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाची वाट दाखविली. या गणितास बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार पुरेसे आहेत. विहारातील अभ्यासवर्गात आय.टी.आय.च्या मुलांसाठी रविवारचा एक तास या विषयास द्यावा, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!