एका पैची चूक

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्या घरांत गुरुचरित्राची पोथी निघते. पौर्णिमेला जयंती येईल अशा बेताने सप्ताह बसतो. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी बारा, पाचव्या दिवशी मात्र तीनच. कारण आचारधर्माचा छत्तिसावा अध्याय फार मोठा. मी बँकेत कारकुनी केलेला माणूस, त्यामुळे ही वाटणी मला पहिल्यापासून आवडते. पौर्णिमेच्या सांजेला पाळणा, मग सुंठवडा.

आपल्या मराठवाड्यात दत्तभक्तीची वाट माहूरच्या शिखराकडे जाते, तशीच दौलताबादच्या किल्ल्यावरही जाते. तिथे जनार्दनस्वामी राहत. कारभार किल्ल्याचा, मन दत्ताचे. गुरुवारी किल्ल्यावर सुटी असे, असे सांगतात. पैठणचा एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे आला. खुलताबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर नाथांना दत्तदर्शन झाले, अशी परंपरा आहे. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरतीही नाथांचीच.

स्वामींनी नाथांना हिशेबाचे काम दिले होते. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्याशी बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती देवाकडे लावलीस तर काय होईल! ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. मला ती एका मार्गशीर्षात नीट कळली.

तेव्हा संगणक नव्हते. सेव्हिंगच्या लेजरातील शिल्लका हाताने उतरवून बेरीज जुळवायची. त्या महिन्यात नव्वद रुपयांचा फरक राहिला. मी म्हटले, एवढ्याशासाठी कोण डोळे फोडणार, पुढच्या महिन्यात बघू. त्याच दिवसांत एक म्हातारी मावशी दोनदा काउंटरवर आली. "दादा, माझे पैसे कमी दिसतात." मी वर न बघता म्हणालो, "मावशी, पासबुकात आहे तेच बरोबर." पासबुक मीच लेजरावरून उतरवलेले होते! तिला वाचता येत नव्हते. ती गप निघून गेली.

सप्ताहात रात्री कीर्तनात पैची कथा लागली. झोप आली नाही. सकाळी लवकर जाऊन बसलो. फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटेपालटे झाले असावेत, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना ठाऊक असते. एकेक व्हाउचर लावत गेलो. दुपारी सापडले. ३२० जमा, लेजरात २३०. अक्षर माझे, खाते मावशीचे.

मी टाळी वाजवली नाही. मॅनेजरसाहेबांना सांगून नोंद दुरुस्त केली आणि संध्याकाळी पत्ता शोधत तिच्या घरी गेलो. माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं." ते वाक्य अजून बोचते. नव्वद रुपये परत करता आले. पण तेवढे दिवस तिचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला होता, त्याची उलट नोंद कुठल्या वहीत करायची?

तेव्हापासून मला वाटते, पै लहान की मोठी हा प्रश्नच नाही. ती कुणाची तरी असते. आणि हेच नाथ पुढे रामेश्वराला नेत असलेले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजतात, तेव्हा किती मैल कावड वाहिली याचा हिशेब करत नाहीत. दुसऱ्याचे देणे पैपर्यंत मोजायचे आणि आपले देणे मोजायचेच नाही, हा नाथांचा हिशेब. फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये, गोदावरीत देह ठेवला तेव्हा त्यांची वही कोरी झालेली असणार.

आपण साठी ओलांडलेली माणसे. यंदा पोथी उघडण्याआधी आपली वही एकदा उघडू या. एखाद्या भावाचे, सुनेचे, मोलकरणीचे काही राहिले असेल. पैसा नसेल तर शब्द राहिला असेल. तो फरक मिटवून मग संकल्प सोडू या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥