तपासणी अहवाल कोणासाठी? वाचकास विचारून अहवाल सुबोध करण्याची रीत

प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल हाती आला म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम शेवटची ओळ पाहतात. 'मानकानुसार' हा शब्द दिसला की कागद फाइलमध्ये जातो. २००० साली औषधनियमांत अनुसूची 'टी' आली. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील 'जामा' या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जडधातूंची तपासणी आवश्यक ठरली. अहवाल वाढत गेले. त्यांचे वाचन मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. दोष केवळ वाचकाच्या आळसाचा नाही. अहवालाची मांडणी रसायनतज्ज्ञाने रसायनतज्ज्ञासाठी केलेली असते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मिळणाऱ्या गुळवेलीचेच उदाहरण घेऊ. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार तिची एकूण राख १६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, अम्लात न विरघळणारी राख ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, मद्यार्कात विरघळणारा अंश ३ टक्क्यांपेक्षा कमी नसावा आणि पाण्यात विरघळणारा अंश ११ टक्क्यांपेक्षा कमी नसावा. यात ३ हा आकडा दोनदा आला आहे. एका ठिकाणी तो ओलांडणे हा दोष, तर दुसऱ्या ठिकाणी तो न गाठणे हा दोष. अहवालात या दोन ओळी एकाखाली एक, सारख्याच ठशात छापलेल्या असतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, या समजुतीने वाचणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

दुसरी अडचण 'एन. डी.' या दोन अक्षरांची. त्यांचा अर्थ 'नाही' असा नसून 'या पद्धतीने आढळले नाही' असा आहे. वनस्पतिज द्रव्यात कॅडमियमची मर्यादा ०.३ पीपीएम आहे. प्रयोगशाळेच्या पद्धतीला ०.५ पीपीएमच्या खालचे कॅडमियम ओळखता येत नसेल, तर तिच्या 'एन. डी.'वरून माल मर्यादेत आहे की नाही हे ठरतच नाही. ही किमान मर्यादा अहवालावर असते का, हे प्रत्येकाने आपल्या फाइलमधील एखादा कागद काढून पाहावे.

तिसरी गोष्ट मात्रेची. शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे १ ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. बरोबर मर्यादेवर असलेले चूर्ण रोज ६ ग्रॅम दिल्यास पोटात ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. २५० मिलिग्रॅमची वटी दिवसातून दोनदा दिल्यास ५ मायक्रोग्रॅम. अहवालातील ओळ एकच, फरक मात्र बारापट. वैद्यास हवा असतो तो हा हिशेब, आणि नेमका तोच कागदावर नसतो. (रसौषधींचा प्रश्न निराळा आहे, त्याची येथे सरमिसळ करीत नाही.)

मग अहवाल सुबोध कसा करावा? तो कार्यालयात बसून सोपा करू नये, वाचकास विचारून करावा. युरोपीय संघाने २००५ पासून औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रकासाठी हीच रीत लावली. माहितीपत्रक प्रथम दहा व नंतर आणखी दहा सामान्य वाचकांपुढे ठेवतात. विचारलेली माहिती ९० टक्के लोकांना सापडली पाहिजे आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना ती उमगली पाहिजे, अशी अपेक्षा असते.

आपणास सुरुवातीला पाच-सहा वाचकही पुरतील. मात्र ते सर्व वैद्य नसावेत. एखादा औषधी दुकानदार, एखादा फार्मसीमालक, एखादा वनोपज गोळा करणारा त्यांत हवाच. 'समजले ना?' असे कधीही विचारू नये. आपल्याकडे वैद्यराजांसमोर भिडेपोटी सगळेच 'हो' म्हणतात. त्याऐवजी कागद हातात द्यावा आणि विचारावे, 'हा माल तुम्ही घ्याल का? कोणत्या ओळीवरून ठरविले? तेथे बोट ठेवा.' बोट कोठे अडखळते ते टिपून घ्यावे आणि मधे मदत करू नये. (हे वाटते त्यापेक्षा फार कठीण आहे.) नंतर मांडणी बदलून नव्या माणसांना विचारावे, जुन्यांना उत्तरे पाठ झालेली असतात.

गडचिरोलीत या कामास विशेष महत्त्व आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभा स्वतःच वनोपजाच्या विक्रेत्या झाल्या. रानात हिंडणाऱ्यांस वनस्पतीचे नाव व रूप ठाऊक असते, असे चरकाचार्यांनीही सांगितले आहे. पण माल नाकारला गेला तर त्याचे कारण सांगणारा कागद या जाणकारापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी तो इंग्रजीत असतो. अम्लात न विरघळणारी राख वाढण्याचे नेहमीचे कारण माती व रेती. उघड्या जमिनीवर वाळविलेल्या गुळवेलीत ती येणारच. 'अम्ल-अविद्राव्य राख ३.८, अमान्य' यावरून संग्राहक काहीच शिकत नाही. 'माती लागली आहे, ताडपत्रीवर वाळवा' एवढे माडिया किंवा गोंडीत सांगितले, तर पुढच्या हंगामाचा माल वाचतो. एका हंगामाची मजुरी बुडणे ही त्या घरी लहान गोष्ट नव्हे.

चंद्रपूरकडे प्रश्न निराळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. एवढ्यावरून तेथील वनस्पती दूषित आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु औष्णिक वीजकेंद्राजवळची गुळवेल आणि भामरागडच्या जंगलातील गुळवेल एकाच पोत्यात आली, तर अहवालावरून काहीच उलगडत नाही. संकलनाचे ठिकाण ही अहवालातील पहिली ओळ असावी.

केवळ लाल-हिरव्या खुणेने काम भागेल असेही नाही. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त नलिकाविहिरींना लाल व सुरक्षित विहिरींना हिरवा रंग दिला गेला. खूण सर्वांना समजली, परंतु लाल विहिरीत लिटरला ६० मायक्रोग्रॅम आहे की ६०० हे रंगावरून कळत नव्हते. म्हणून खूण, आकडा आणि कृती ही तिन्ही एकत्र असावीत. चाचणीसाठी पहिला मसुदा असा घेता येईल:

'गुळवेल, काण्ड. ठिकाण: (गाव व तालुका). अम्लात न विरघळणारी राख ३.८, ३ पेक्षा जास्त नको. माती जास्त आहे. झटकून, चाळून पुन्हा तपासावे. मद्यार्कात विरघळणारा अंश ४.१, ३ पेक्षा कमी नको. ठीक. कॅडमियम आढळले नाही, ०.१ पीपीएमच्या खालचे या पद्धतीने मोजता येत नाही.'