थंडीत ट्रॅक्टर सुरू का होत नाही?

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीमध्ये पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो असे काही दिवस येतात. याच सुमारास द्राक्षबागेत भुरीसाठी फवारणी करावयाची असते, व वारा सुटण्यापूर्वी सकाळच्या प्रहरी ती उरकून घेणे इष्ट असते. नेमका त्याच वेळी फवारणीयंत्र जोडलेला छोटा ट्रॅक्टर सुरू होता होत नाही. शेतकरी पुनःपुन्हा चावी फिरवितो, बॅटरी पार उतरते, आणि सकाळ हातची जाते. पुढे घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते. परंतु मूळ दोष अन्यत्र असल्यास आठ-पंधरा दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. थंडीत ही उष्णता गार धातू शोषून घेतो. वंगणतेल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. आणि बॅटरीतील रासायनिक क्रियाही मंदावते. म्हणजे जेव्हा जोर अधिक हवा तेव्हाच तो कमी पडतो. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष थंडीत उघडा पडतो तो यामुळे.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे: इंजिन कोणत्या वेगाने फिरते, आणि धुराड्यातून काय निघते.

इंजिन जड, रखडत फिरत असेल तर प्रथम बॅटरीच्या जोडण्या पाहाव्यात. स्टार्टर फिरविल्यानंतर टर्मिनलला हात लावून पाहावा. ते गरम लागले तर तेथील जोड सैल किंवा गंजलेला आहे असे समजावे. इंजिनाच्या अंगावर कसलेली अर्थची वायर तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि चिखलपाण्याने तीच आधी खराब होते. टर्मिनलवरील पांढरी-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. मात्र बॅटरीची बुचे घट्ट असावीत, सोडा आत जाता कामा नये. वायर काढताना अर्थची आधी काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीजवळ काडी ओढू नये, कारण तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

जोड स्वच्छ करूनही फरक न पडल्यास हायड्रोमीटर लावावा. पूर्ण भारित बॅटरीत तो सुमारे १.२६ ते १.२८ दाखवितो. सर्वच घरांत आकडा सारखाच कमी असेल तर बॅटरी भारित करून पाहावी व पंख्याचा पट्टा सैल आहे काय तेही तपासावे. एकच घर इतरांहून बरेच मागे असेल तर मात्र बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. डिस्टिल्ड वॉटर नुकतेच घातले असेल तर हे माप विश्वसनीय नसते.

इंजिन चांगले फिरते, पण पांढरा धूर येतो आणि पेट घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचते पण जळत नाही. ज्या इंजिनात ग्लो प्लग आहेत तेथे त्यांची तपासणी करावी. प्लगवरील वायर सोडवून चाचणी-दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा न लागल्यास प्लग जळालेला आहे. तीन सिलिंडरांपैकी एकाचा प्लग गेला तर ट्रॅक्टर सुरू होतो, पण तापेपर्यंत थरथरतो.

धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तुंबणे, त्यात पाणी साचणे किंवा नळीत हवा शिरणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

सुरू करताना क्लच दाबून धरावा, म्हणजे गिअरबॉक्समधील घट्ट तेलाचा भार इंजिनावर पडत नाही. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये व मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती द्यावी. काही ठिकाणी हवेच्या वाटेपाशी पेटता बोळा धरण्याची किंवा ईथर फवारण्याची रीत आहे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथर फवारल्यास ते वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. बोळ्याने आग लागण्याचे भय तर उघडच आहे.

डिझेलची टाकी सायंकाळीच भरून ठेवावी. रिकाम्या टाकीच्या आतील बाजूस रात्री दव धरते, आणि तेच पाणी सकाळी फिल्टरमध्ये उतरते.